साउथएंड पिअरची एका दिवसाची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन आणि आसपासच्या मराठी घरांत उन्हाळा लागला, भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले, की "समुद्र बघायला कुठे नेऊ?" हा प्रश्न निघतोच. माझं उत्तर ठरलेलं आहे: लंडनच्या पूर्वेला, टेम्स नदीच्या मुखावर असलेलं साउथएंड. तिथल्या पिअरबद्दल, म्हणजे खांबांवर उभारून समुद्रात लांबवर नेलेल्या धक्क्याबद्दल, जे जे विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे. एक आग्रह मात्र आधीच: गाडीचं तिकीट काढण्यापूर्वी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. का, ते पुढे येईलच.

साउथएंडच का? ब्रायटन का नाही?

ब्रायटनला जरूर जा. तिथला पॅलेस पिअर १८९९ चा, देखणा आणि दिव्यांनी लखलखणारा आहे. पण तो बराचसा जत्रेसारखा वापरला जातो. पाळणे आणि खेळांची यंत्रं यांतच दिवस संपतो. साउथएंडचा पिअर म्हणजे मुख्यतः समुद्रात नेणारी एक वाट. जवळजवळ २.१६ किलोमीटर लांबीची, सहलीसाठी बांधलेल्या पिअरमध्ये जगात सर्वांत लांब. या वाटेवर दोन्ही बाजूंना काहीच नाही, फक्त टेम्स नदीचं मुख आणि आकाश. व्हिक्टोरियन माणसाला समुद्रावर, पाय न भिजवता, चालायचं होतं म्हणजे नक्की काय हवं होतं, हे इथे कळतं.

हा पिअर इतका लांब का बांधला?

हौसेपोटी नाही, चिखलामुळे. टेम्सचं मुख इथे अफाट रुंद आणि उथळ आहे. ओहोटीला पाणी किनाऱ्यापासून दीड किलोमीटरच्या आसपास मागे हटतं आणि मागे उरतो तो करडा, चमकणारा गाळ. भरती पूर्ण असली तरी किनाऱ्यालगत पाच-साडेपाच मीटरपेक्षा जास्त पाणी कधीच नसतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनहून वाफेच्या बोटी खाली समुद्राकडे येऊ लागल्या. हवापालटासाठी निघालेले लोक त्यांत भरून असायचे. पण साउथएंडला बोट लागायला जागाच नव्हती, त्यामुळे बोटी पलीकडे केंटच्या किनाऱ्यावर मारगेटला जायच्या आणि पैसाही तिकडेच जायचा. लंडनचे माजी लॉर्ड मेयर विल्यम हेगेट यांनी पार्लमेंटकडे पाठपुरावा केला, १८२९ मध्ये कायदा झाला आणि १८३० मध्ये लाकडी पिअर खुला झाला. तो होता जेमतेम १८० मीटरचा, म्हणजे ओहोटीला चिखलातच उभा! मग तो वाढवत नेला. १८४० च्या दशकाच्या अखेरीस तो २,१०० मीटरच्या घरात गेला आणि युरोपातला सर्वांत लांब ठरला.

आज आपण चालतो तो त्याच्या जागी आलेला लोखंडी पिअर. अभियंता जेम्स ब्रनलीस. काम १८८७ मध्ये सुरू झालं, १८८९ च्या ऑगस्टमध्ये लोकांसाठी उघडलं. त्यानंतरही बोटींसाठी टोक वाढवलं गेलं. शेवटची मोठी भर १९२९ मधली. म्हणजे या पिअरचा प्रत्येक वाढीव मीटर खोल पाण्याच्या शोधात टाकलेला आहे. इमारत म्हणून तो आता संरक्षित वारशाच्या यादीत आहे.

मग भरतीला जावं की ओहोटीला?

दोन्ही दिसेल असं जावं. निव्वळ ओहोटीला गेलात तर नवख्याला वाटतं, "समुद्र कुठे आहे?" निव्वळ भरतीला गेलात तर पिअर इतका लांब का, हे कळतच नाही. सगळ्यांत छान वेळ म्हणजे ओहोटी संपून पाणी चढायला लागतं तेव्हाची. जाताना पायाखाली गाळ, त्यात वळणं घेत गेलेले पाण्याचे ओहोळ, टेकलेल्या होड्या आणि चोचीने किडे शोधणारे पक्षी. दोन-तीन तासांनी परत येताना त्याच जागी पाणी आणि होड्या तरंगताना. चढउतार थोडाथोडका नाही. उधाणाला पाच मीटरांहून जास्त.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या ज्यांना तिथीवरून भरती सांगता येते, त्यांच्यासाठी एक सोपा अंदाज: इथे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी साधारण एक-दोनच्या आसपास पूर्ण होते, आणि सर्वांत मोठं उधाण त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या (पाण्याचा चढउतार कमी असतो त्या) दिवसांत, दुपारी ओहोटी असते. म्हणून सकाळी पोचून संध्याकाळी परतायचं असेल तर अष्टमीच्या आगेमागे जाणं जास्त सोयीचं: दुपारी गाळ बघायचा, संध्याकाळी पाणी. नेमकी वेळ मात्र त्या दिवसाच्या छापील किंवा ऑनलाइन तक्त्यातूनच घ्या, आणि तक्ता साउथएंडचाच बघा. लंडन ब्रिजची भरती इथल्यापेक्षा तासाभराहून अधिक उशिरा असते.

ओहोटीला खाली गाळात उतरून चालता येईल का? मुलं हट्ट करतात.

किनाऱ्याच्या अगदी जवळ, पाण्यावर नजर ठेवून, पाय माखून घ्यायला हरकत नाही. लांब जाऊ नका. कृपया हे गांभीर्याने घ्या. उतार इतका कमी आहे की भरती लागली की पाणी चालत्या माणसाच्या वेगाने पसरतं, आणि ते आधी ओहोळांतून शिरत असल्यामुळे तुमच्या पाठीमागून येतं. पुढे कोरडं दिसत असतं आणि परतीची वाट बंद झालेली असते. गाळात पाय रुतले तर ते वेगळंच संकट. जीवरक्षक नौकांची संस्था आरएनएलआय इथे एकोणिसाव्या शतकापासून काम करते आणि आता चिखलावरून जाता यावं म्हणून नौकांच्या जोडीला हॉवरक्राफ्टही ठेवते. ज्या किनाऱ्यावर हॉवरक्राफ्ट ठेवावं लागतं, तिथे हट्ट पुरवायचा नसतो.

लंडनहून कसं जायचं?

फेनचर्च स्ट्रीटहून सी२सी या रेल्वेसेवेच्या गाडीने साउथएंड सेंट्रल, सुमारे एक तास. लाइमहाउस, वेस्ट हॅम, बार्किंग इथूनही ती पकडता येते, त्यामुळे पूर्व लंडनमध्ये राहणाऱ्यांना फारच सोपं. दुसरा मार्ग लिव्हरपूल स्ट्रीट आणि स्ट्रॅटफर्डहून साउथएंड व्हिक्टोरियाला. दोन्ही स्टेशनांहून पिअर चालत दहा-पंधरा मिनिटांवर.

जमलं तर पहिलाच मार्ग घ्या आणि जाताना उजव्या बाजूच्या खिडकीशी बसा. बेनफ्लीट सुटलं की उजवीकडे खाडी आणि दलदल उघडते, आणि ली-ऑन-सीपासून चॉकवेलपर्यंत रूळ जवळजवळ पाण्याला लागून जातात. डावीकडे टेकडीवर हॅडली किल्ल्याचे पडके बुरूज दिसतात. चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२९ मध्ये हेच अवशेष रंगवले. रेल्वे साउथएंडला पोचली १८५६ मध्ये, आणि १८७१ च्या कायद्याने बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या, मिळू लागल्यावर लंडनच्या ईस्ट एंडमधले कामगार याच मार्गाने गाड्या भरून येत. पुढे पिअर लाकडाचा पुरेनासा झाला, त्यामागे ही गर्दी आहे.

पिअरवर चालत जावं की तिथल्या छोट्या रेल्वेने?

जाताना चालत, येताना रेल्वेने. आरामात चाललं तर अर्धा तास लागतो. सुरुवातीची पाच-सात मिनिटं खेळांच्या बागेचा आवाज मागे येत राहतो, मग तो थांबतो आणि वारा व फळ्यांवरची पावलं एवढंच उरतं. टोकाकडे बघून चाललात तर ते जवळ येतच नाही असं वाटेल, म्हणून बाजूला बघत चाला. मधूनमधून मागे वळून शहर किती लहान झालं तेही बघा.

रेल्वेची गोष्ट वेगळी सांगायला हवी. जुन्या लाकडी पिअरवर सामान वाहायला रूळ होतेच, त्यावर घोडे गाडी ओढत. लोखंडी पिअर झाल्यावर १८९० च्या सुमारास त्यावर विजेवरची रेल्वे आली. विजेचे दिवेही घरोघरी पोचले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. १९४९ मध्ये हिरव्या-पांढुरक्या रंगाचे नवे डबे आले. १९७८ मध्ये रूळ खराब झाल्याने सेवा बंद पडली आणि १९८६ मध्ये राजकन्या ॲन यांच्या हस्ते डिझेलच्या गाड्यांनिशी पुन्हा सुरू झाली. त्या दोन गाड्यांची नावं सर विल्यम हेगेट आणि सर जॉन बेट्जमन: एक पिअर मागणारे, दुसरे तो वाचावा म्हणून झटणारे कवी. आता बॅटरीवरच्या गाड्या आहेत. त्यांतल्या एकीला सर डेव्हिड अमेस यांचं नाव दिलं आहे. ते इथले खासदार. साउथएंडला शहराचा दर्जा मिळावा म्हणून वर्षानुवर्षं पार्लमेंटमध्ये बोलत राहिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये मतदारांना भेटत असताना त्यांची हत्या झाली. २०२२ मध्ये दर्जा मिळाला. गाडीवरचं नाव वाचाल तेव्हा हे आठवा. गावातले लोक ते नाव अजून हळुवारपणे घेतात.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का? व्हीलचेअर आणि बाबागाडीचं काय?

झेपेल. दोन्ही वेळा रेल्वेच घ्यायची, प्रवास दहाएक मिनिटांचा. नव्या गाड्यांत व्हीलचेअर आणि बाबागाडी चढवता येते. चालायचं असेल तर वाटेत बसायला जागा आहेत, पण अर्ध्यावर गाडी थांबत नाही. एकदा चालायला लागलं की टोक गाठायचं किंवा मागे फिरायचं. म्हणून ज्येष्ठांना जाताना गाडीने न्या, टोकाला विसावा घेऊ द्या आणि उमेद वाटली तर थोडं फिरवून आणा. फळ्यांमध्ये फटी आहेत आणि खालचं पाणी दिसतं. कुणाला त्याची भीती वाटत असेल तर आधी सांगून ठेवा. टाचेच्या चपला नकोत.

टोकाला आहे तरी काय? इतकं चालून बघायचं काय?

चहाची जागा, बसायला बाकडी, जीवरक्षक नौकेचं ठाणं आणि रॉयल पॅव्हिलियन नावाची कार्यक्रमांची इमारत. ही इमारत टिलबरीला बांधून नदीतून आणली आणि २०१२ मध्ये क्रेनने उचलून पिअरवर ठेवली.

पण खरं बघायचं ते पलीकडे. समोर केंटचा किनारा, आयल ऑफ ग्रेन आणि शेपी बेट, त्यांच्या मधून येऊन मिळणारी मेडवे नदी. दुर्बीण असेल तर शेपीच्या बाजूला एसएस रिचर्ड मॉन्टगमरी शोधा. ऑगस्ट १९४४ मध्ये हे अमेरिकी मालवाहू जहाज वाळूत रुतून दुभंगलं. त्याच्या पोटात अजूनही सुमारे १,४०० टन स्फोटकं आहेत, हलवणं ठेवण्याइतकंच धोक्याचं म्हणून तिथेच ठेवलेली. त्याच्या तीन डोलकाठ्या वर्षानुवर्षं पाण्याबाहेर दिसत आल्या आहेत. त्या कापून घ्यायची सरकारची योजना आहे.

आणि जहाजं. लंडनला जाणारं प्रत्येक मोठं जहाज या टोकासमोरून जातं. नदीत वर लंडन गेटवे हे कंटेनर बंदर २०१३ पासून सुरू आहे. ते चालवणारी डीपी वर्ल्ड आपल्या न्हावाशेव्यातही टर्मिनल चालवते. त्याहून जुना धागा टिलबरीचा. मुंबईहून पी अँड ओ या जहाज कंपनीच्या बोटीने निघालेली, शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी माणसं टिलबरीच्या गोदीत उतरत. सुवेझ, जिब्राल्टर करत आलेली ती बोट टेम्समध्ये शिरली की उजव्या हाताला हा पिअर लागायचा. ज्यांच्या घरात आजोबांचा असा प्रवास झालेला आहे, त्यांनी टोकावर उभं राहून तो मार्ग बघावा. पूर्वेकडे मोकळा समुद्र, पश्चिमेकडे टिलबरी.

दुसऱ्या महायुद्धात पिअरचं काय झालं?

ऑगस्ट १९३९ मध्ये नौदलाने तो ताब्यात घेतला आणि त्याला युद्धनौकेसारखं नाव दिलं: एचएमएस ली. जहाजांचे ताफे इथे जमवायचे, त्यांना मार्ग आणि संरक्षण नेमून द्यायचं आणि बाहेर सोडायचं, हे काम या पिअरवरून चाले. युद्ध संपेपर्यंत इथून ३,३०० हून जास्त ताफे गेले. लंडनला कोळसा आणि अन्न मिळत राहिलं त्यात या लांबलचक फळ्यांचा वाटा आहे. युद्धानंतर लोक इतक्या ओढीने परत आले की १९४९-५० मध्ये पिअरवर येणाऱ्यांची संख्या पन्नास लाखांच्या पुढे गेली.

इतक्या आगी लागल्या म्हणतात, मग तो टिकला कसा?

यादीच मोठी आहे. १९५९ मध्ये किनाऱ्याकडचा पॅव्हिलियन जळाला. आग परतीच्या वाटेवर आणि पाचशेहून जास्त माणसं पुढे पिअरवर. त्यांना होड्यांतून उतरवून आणलं. १९७६ मध्ये टोकाला आग. १९८६ मध्ये, रेल्वे पुन्हा सुरू होऊन दोनच महिने झाले होते तेव्हा, किंग्जॲबी नावाचं जहाज सरळ पिअरमध्ये घुसलं आणि आरपार गेलं. वीसेक मीटरचं खिंडार पडलं, जीवरक्षक नौकेचं घर गेलं. १९९५ मध्ये पॅव्हिलियनच्या जागी उभारलेलं बोलिंगगृह जळालं. ऑक्टोबर २००५ मध्ये जुन्या टोकावरचं स्टेशन आणि दुकानं गेली. लाकूड, वारा आणि किनाऱ्यापासून दोन किलोमीटर अंतर, यापेक्षा वाईट जागा अग्निशामकांना मिळणार नाही.

टिकला तो लोकांनी टिकवला म्हणून. १९८० मध्ये खर्च परवडत नाही म्हणून कौन्सिलने पिअर बंद करायचं जाहीर केलं होतं. गावाने विरोध केला, तो इतका की निर्णय मागे घ्यावा लागला. १९८३ मध्ये जुन्या वास्तूंसाठीचं अनुदान मिळालं आणि दुरुस्ती सुरू झाली. "पिअर म्हणजेच साउथएंड," अशा अर्थाचं बेट्जमन म्हणून गेले. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल पिअर्स सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष.

सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. एकेकाळी ब्रिटनच्या किनाऱ्यांवर शंभराच्या आसपास पिअर होते, आता साठेक उरले आहेत. ब्रायटनचा वेस्ट पिअर १९७५ मध्ये बंद झाला, २००३ मध्ये जळाला. आता पाण्यात नुसता सांगाडा उभा आहे. आपल्याकडे किल्ल्यांची पडझड बघणाऱ्यांना हे दुःख समजावून सांगायला नको. म्हणून पिअरचं तिकीट महाग वाटलं तरी घासाघीस न करता द्यावं असं मला मनापासून वाटतं. फळी बदलायला, खांब रंगवायला तोच पैसा जातो.

तिकीट आणि वेळा?

पिअर शहराच्या कौन्सिलच्या मालकीचा आहे; दर आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, त्यांच्याच संकेतस्थळावर बघा. चालण्याचं आणि रेल्वेचं तिकीट वेगळं असतं. हिवाळ्यात दिवस कमी असतात, नाताळच्या दिवशी बंद. जोराचा वारा असला की ऐनवेळी बंद होऊ शकतो, तेव्हा सकाळी निघण्यापूर्वी एकदा पुन्हा बघा. शेवटची गाडी कितीची ते टोकाला पोचल्यावर लगेच विचारून घ्या.

मासेमारी करता येते का?

येते, त्याचं वेगळं तिकीट असतं. उन्हाळ्यात बांगड्याच्या जातीचा मासा लागतो.

मुलांना कंटाळा नाही का येणार?

किनाऱ्याकडच्या टोकाला, पिअरच्या दोन्ही बाजूंना ॲडव्हेंचर आयलंड ही खेळांची बाग आहे. आत जायला पैसे नाहीत, खेळागणिक द्यायचे. पण ती आधी दाखवू नका, नाहीतर पिअर राहिलाच! पिअरच्या स्टेशनाखाली एक छोटं संग्रहालय आहे, स्वयंसेवक चालवतात म्हणून मोजकेच दिवस उघडं असतं. जुने डबे, सिग्नलच्या खटक्यांची चौकट आणि नाणं टाकून चालणारी जुनी यंत्रं आहेत. मुलांना खटके ओढायला मिळाले तर ती तिथून हलत नाहीत.

खायचं काय? डबा न्यावा का?

न्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, दशम्या, गूळपोळी असं हातात धरून खाता येईल असं. पोहे-उपमा नको, वारा ताटलीतून उडवतो. समुद्रपक्षी धीट आहेत आणि हातातला घास उचलतात, तेव्हा मुलांना छपराखाली बसवूनच खायला द्या. शाकाहारी मंडळींनी चिप्स घेताना कशात तळलं ते विचारावं. काही दुकानांत बीफची चरबी वापरतात. आइस्क्रीम रॉसीचं खा, ते इथलंच आहे.

पाऊस आला तर?

भुरभुर असेल तर जॅकेट चढवून जा. छत्री मात्र नेऊ नका, वाऱ्यात एक मिनिट टिकणार नाही. उन्हाळ्यातसुद्धा टोकाला गार वारा असतो, आईंना शाल आणि कानटोपी द्या. धो धो पाऊस असेल तर सेंट्रल म्युझियममध्ये जा. २००३ मध्ये जवळच प्रिटलवेलला रस्त्याच्या कामाच्या वेळी सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीची, एका सरदार घराण्यातल्या माणसाची दफनकोठी सापडली. सोन्याच्या पत्र्याचे छोटे क्रूस, काचेचे पेले, काशाची भांडी, सगळं तिथे ठेवलं आहे.

संध्याकाळी वेळ उरला तर?

परतीच्या गाडीने ली-ऑन-सीला उतरा. मच्छीमारांचं जुनं गाव आहे, एकच अरुंद रस्ता आणि त्याच्या कडेला कॉकल उकडणाऱ्यांच्या शेड. कॉकल म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या नात्यातले शिंपले. इथे ते उकडून, व्हिनेगर आणि मिरपूड टाकून गार खातात. तिसऱ्यांचं सुकं डोक्यात ठेवून खाल्लंत तर निराश व्हाल, वेगळी चव म्हणून खा.

आणि चर्चकडे चढून जा. दुसऱ्या महायुद्धात, मे-जून १९४० मध्ये, फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकांना आणायला लीच्या सहा कॉकल-होड्या गेल्या होत्या. गाळात चालणाऱ्या, सपाट बुडाच्या या होड्या उथळ पाण्यात किनाऱ्यापर्यंत जाऊ शकत होत्या. पाच परत आल्या. रिनाउन ही होडी परतताना सुरुंगावर आदळली, तिच्यावरचे सगळे गेले. त्यांचं स्मारक सेंट क्लेमंट चर्चच्या आवारात आहे. चढण थोडी दमवणारी आहे, ज्येष्ठांना खाली चहाला बसवून जा. स्टेशनला परत यायला पंधरा मिनिटं धरा.